'यूज्ड टू' नेमके कुठे?

प्रश्न : 'आय यूज्ड टू वॉक' आणि 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग' यांत फरक काय? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्यात सवय सुटलेली आहे. 'आय यूज्ड टू वॉक अराउंड रंकाळा' म्हणजे पूर्वी रंकाळ्याभोवती फिरायचो, आता नाही. पुढे क्रियापदाचे मूळ रूप. दुसऱ्यात 'ॲम', 'इज', 'आर' आधी येते आणि अर्थ होतो, अंगवळणी पडले आहे. इथे 'टू'नंतर नाम किंवा 'इंग'चे रूपच हवे : 'शी इज यूज्ड टू स्पायसी फूड.'

खरी गफलत वर्तमानात होते. रोज तालमीत जाणारा 'आय यूज टू गो' म्हणतो. तिथे 'आय यूजुअली गो' म्हणा, नाहीतर ऐकणाऱ्याला तालीम सुटली असे वाटेल. 'डिड'नंतर लिहिताना मात्र 'यूज्ड'चा शेवटचा 'डी' गाळा : 'डिड यू यूज टू प्ले?' उच्चार दोन्हीकडे 'यूस्टू'च.