गावच्या पाण्यासाठी निधी कोठून आणावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील सुमारे 1,200 लोकवस्तीच्या एका गावाची सरपंच आहे. जलजीवन मिशनमधून आम्हाला नवी जलवाहिनी आणि 230 घरांना नळजोडणी मिळाली, मात्र उद्भव जुनाच राहिला, म्हणजे ओढ्याकाठची विहीर. पावसाळ्यात पाणी गढूळ येते आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. ग्रामसभेत आरओ यंत्राची मागणी जोरात आहे. पाणीपट्टी वर्षाला 600 रुपये असून वसुली 40 टक्क्यांच्या आसपास असते. वीजबिल महिना 6,000 रुपये येते, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन 5,000 रुपये आहे. पाणी तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. शुद्धीकरणासाठी निधी कोठून मिळेल?

उत्तर : आपण अहवाल जोडलात हे फार बरे केले, कारण निधी कोणत्या कामासाठी मागायचा हे त्यावरूनच ठरते. आपल्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 640 मिलिग्रॅम, फ्लोराइड 0.6, नायट्रेट 38, गढूळपणा 14 एकक आणि कोलिफॉर्म जिवाणू आढळले आहेत. भारतीय मानकानुसार क्षारांची इष्ट मर्यादा 500 असली तरी दुसरा स्रोत नसल्यास 2,000 पर्यंत सवलत आहे, आणि फ्लोराइड 1 च्या आत आहे. आरओ यंत्र मुख्यतः क्षार काढण्यासाठी असते आणि त्यात पाण्याचा मोठा हिस्सा वाया जातो. आपला आजार गढूळपणाचा आणि जिवाणूंचा आहे, त्याला गाळणी आणि क्लोरीन पुरेसे आहे. नोकरीच्या काळात मी एका गावात देणगीतून आलेले आरओ यंत्र पाहिले होते. त्यातील क्षार अडवणारा पडदा बदलायला पैसे नसल्याने त्याला कुलूप लागले होते आणि आत ग्रामपंचायतीच्या जुन्या खुर्च्या रचलेल्या होत्या.

दरडोई 55 लिटरने आपल्याला रोज 66,000 लिटर पाणी लागते. इतक्या पाण्यासाठी संथ वाळूगाळणीचा, म्हणजे वाळूतून पाणी हळूहळू झिरपू देणाऱ्या गाळणीचा, सुमारे 28 चौरस मीटरचा थर पुरतो, आणि एक साफ करताना दुसरा चालू ठेवता यावा म्हणून असे दोन कप्पे बांधावेत. तिला तुरटी लागत नाही, वीजही फारशी लागत नाही; प्रवाह मंदावला की वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर खरवडून काढायचा असतो. भर पावसात गढूळपणा अहवालातील 14 एककांच्या कितीतरी पट वाढत असेल, तर मात्र आधी पाणी स्थिर होण्यासाठी एक टाकी लागेल. ते उपअभियंत्यांकडून तपासून घ्यावे. टीसीएल पावडर (पाण्यात क्लोरीन मिसळण्यासाठीची ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने दिवसाला 330 ग्रॅम, म्हणजे महिन्याला साधारण 10 किलो लागते. ती जुनी झाली की तिच्यातील क्लोरीन उडून जाते, म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नये. शेवटच्या घराच्या नळाचे पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासण्याच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर टाकीवर कितीही पावडर टाकल्याची नोंद असली तरी ती पोहोचलेली नाही असे समजावे.

नायट्रेट 38 आहे आणि मर्यादा 45, हा आकडा मला अधिक खटकतो. नायट्रेट गाळणीने जात नाही आणि क्लोरीनने तर मुळीच नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडे किंवा शोषखड्डे आहेत का ते पाहावे. असल्यास ते हलवण्याचा खर्च नगण्य आहे, पण गावात भांडण होते, हे मी जाणतो.

आता निधीकडे वळू. जलजीवन मिशनमध्ये आपल्या राज्याकरिता केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मानिम्मा असून, गावातील पायाभूत कामांच्या खर्चाच्या 10 टक्के, तर डोंगरी, वनक्षेत्रातील किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत 5 टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. आपल्या मूळ अंदाजपत्रकात शुद्धीकरणाचे काम धरले होते का, हे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. धरले असेल तर नवा निधी शोधण्याआधी तेच पूर्ण करून घेण्याचा आग्रह धरावा. धरले नसेल, तर गाळणी ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावी. 15 व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायची होती, त्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होती. खात्यावर तिची शिल्लक किती आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून आधी पाहून घ्यावे, कारण ही शिल्लक अनेकदा कोणाच्या लक्षात नसते. कंपन्यांचा सामाजिक निधीही पिण्याच्या पाण्यासाठी चालतो, परंतु देणाऱ्यांना फलक लावता येईल असे यंत्र आवडते, वाळू आवडत नाही. आपल्याला हवे ते काम ठरावात नेमके लिहूनच त्यांच्याकडे जावे.

यांपैकी कोणीही वीजबिल भरणार नाही. आपल्याच आकड्यांनुसार वीज आणि मानधन मिळून वर्षाला 1,32,000 रुपये होतात. 230 घरांची पट्टी शंभर टक्के वसूल झाली तरी 1,38,000 येतात, म्हणजे मोटार जळली की ग्रामपंचायत उधारीवर जाते. आज तर 55,000 च जमा होतात. दुरुस्ती, टीसीएल आणि तपासणी धरून खर्च 1,80,000 मानला आणि वसुली 80 टक्के गृहीत धरली, तर पट्टी वर्षाला 1,000 रुपयांच्या जवळ, म्हणजे महिना 83 रुपये ठेवावी लागेल. ही दरवाढ आणि गाळणीचा प्रस्ताव एकाच ग्रामसभेत मांडावा, आणि महिन्याच्या महिन्याला पट्टी घेण्याची सोय करावी. वर्षाच्या शेवटी हजार रुपये एकदम मागितले की वसुली आणखी खाली जाते.

प्रश्न : आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात आहे. मुंबईचे ग्रामस्थ मंडळ डोंगरातील झऱ्यावरून नळपाणी आणण्यासाठी वर्गणी देण्यास तयार आहे. झरा एका भावकीच्या जागेत आहे आणि त्यांची तोंडी संमती आहे. काम सुरू करावे का?

उत्तर : तोंडी संमतीवर एक पाइपही आणू नये. आज संमती देणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने वाटणी मागितली की झरा अडतो, आणि सातबारावर दहा-बारा नावे असतील तर एकट्याची संमती कायद्यानेही पुरत नाही. सर्व सहहिस्सेदारांकडून झऱ्याभोवतीच्या आवश्यक तेवढ्या जागेचे नोंदणीकृत बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावे करून घ्यावे, फेरफार नोंदवावा, आणि मंडळाची रक्कम कोणा एकाच्या खात्यात न ठेवता ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा खात्यात पावती घेऊन भरावी. सहहिस्सेदारांपैकी बरेच जण मुंबईत असतील, तर गणपतीला सगळे गावी येतात त्या आठवड्यात सह्यांचे काम उरकता येईल. दुय्यम निबंधकांची वेळ मात्र आधीच घेऊन ठेवावी.