भविष्यकाळ, बचत आणि भाषांची मोजणी

प्रश्न : ज्या भाषांत भविष्यकाळाचे वेगळे रूप वापरणे सक्तीचे नसते, त्या बोलणारे लोक अधिक बचत करतात, असे एका लेखात वाचले. विकासाच्या अभ्यासात व्याकरणाला खरोखर असे स्थान देता येते का?

उत्तर : या विधानाचे मूळ अर्थतज्ज्ञ कीथ चेन यांच्या शोधनिबंधात आहे. तो २०१३ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. उद्याच्या पावसाचा अंदाज सांगताना जर्मन माणूस साधा वर्तमानकाळ वापरू शकतो, इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र भविष्यदर्शक रूप योजावे लागते. या फरकावरून चेन यांनी भाषांचे दोन गट केले : भविष्यदर्शक रूप सक्तीचे नसलेल्या जर्मनसारख्या भाषांचा पहिला आणि ते सक्तीचे असलेल्या इंग्रजीसारख्या भाषांचा दुसरा. आज आणि उद्या यांसाठी एकच रूप वापरणाऱ्याला उद्या तितका दूरचा वाटत नाही, म्हणून तो उद्यासाठी अधिक राखून ठेवतो, असा त्यांचा तर्क होता. एकाच देशातील, उत्पन्न, शिक्षण आणि कुटुंबरचना सारखी असलेल्या पण वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांची त्यांनी तुलना केली, तेव्हाही फरक दिसला. निबंध निष्काळजीपणे लिहिलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे.

अडचण आहे ती भाषांच्या मोजणीत. जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या पाचही भाषा चेन यांच्या पहिल्या गटात येतात, पण त्या एकाच जर्मानिक कुळातल्या आहेत आणि त्यांचे भाषक शतकानुशतके शेजारी राहिले आहेत. फिनिश वेगळ्या कुळातली असली, तरी तिचा स्वीडिशशी दीर्घ संपर्क आहे. व्याकरणाचे रूप आणि काटकसरीची सवय या दोन्ही गोष्टी पूर्वजांकडून किंवा शेजाऱ्यांकडून एकत्र आल्या असतील, तर पाच भाषा म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. एकाच घरातील पाच भावांनी दिलेली ती एकच साक्ष असते.

हा आक्षेप नवा नाही. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी अनेक समाजांतील विवाहपद्धती आणि वंशपद्धती यांची आकडेवारीने तुलना केली, तेव्हा संख्याशास्त्राचे अभ्यासक फ्रान्सिस गाल्टन यांनी नेमके हेच विचारले होते की, यांपैकी किती समाजांनी ती प्रथा एकमेकांकडून घेतली आहे? ही चर्चा १८८९ साली छापून आली, आणि तुलनात्मक अभ्यासात ती अडचण आजही गाल्टन यांच्याच नावाने ओळखली जाते.

भाषेचे अभ्यासक शॉन रॉबर्ट्स आणि जेम्स विंटर्स यांनी २०१३ साली या अडचणीवर काहीसे खट्याळ भाष्य केले. भाषिक विविधता आणि रस्त्यावरचे अपघात अशा असंबद्ध गोष्टींचाही सहसंबंध आकडेवारीतून काढता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०१५ साली या दोघांनी खुद्द चेन यांच्यासोबतच बचतीचा प्रश्न नव्याने तपासला. काही चाचण्यांत संबंध टिकला, पण भाषाकुल आणि प्रदेश यांचा प्रभाव बाजूला काढणाऱ्या अधिक कठोर पद्धतीत तो टिकला नाही. आपल्या निष्कर्षाच्या कठोर तपासणीत लेखकाने स्वतः सहभागी व्हावे, ही मला या प्रकरणातली सर्वांत अनुकरणीय गोष्ट वाटते. वर्तमानपत्रांत मात्र पहिला निबंध गाजला आणि दुसऱ्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

प्रश्न : मग भाषांची संख्या जास्त असलेले देश गरीब राहतात, हे तरी खरे का?

उत्तर : अशी जोडी अनेक आकडेवाऱ्यांत दिसते, पण तिचा अर्थ लावताना घाई होते. यादृच्छिकपणे निवडलेल्या दोन व्यक्तींची मातृभाषा वेगळी असण्याची शक्यता किती, हे मोजणारा निर्देशांक भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ साली मांडला. अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टर्ली आणि रॉस लेव्हिन यांनी १९९७ साली आफ्रिकेच्या मंद आर्थिक वाढीची कारणे शोधताना अशाच निर्देशांकाचा उपयोग केला. त्यामागची वांशिक-भाषिक समूहांची यादी १९६४ च्या एका सोव्हिएत नकाशासंग्रहातली होती. या निर्देशांकात एकमेकांना जवळपास समजणाऱ्या दोन बोली आणि पूर्णपणे भिन्न कुळांतल्या दोन भाषा यांचे वजन सारखेच पडते. भाषाकुलाच्या वृक्षावर भेद किती खोलवर आहे, म्हणजे दोन भाषा किती पूर्वी वेगळ्या झाल्या, हे लक्षात घेतले की चित्र बदलते, असे अर्थतज्ज्ञ क्लाउस देस्मेट, इग्नासिओ ओर्तुन्यो-ऑर्तिन आणि रोमेन वाचियार्ग यांनी २०१२ साली दाखवले. त्यांच्या मते यादवी संघर्षाशी जुन्या, खोल भेदांचा संबंध अधिक आहे, तर आर्थिक वाढीशी अलीकडच्या, वरवरच्या भेदांचा.

शिवाय सोमालियातील बहुसंख्य लोक सोमाली बोलतात, तरी तो देश स्थिर राहिला नाही; स्वित्झर्लंडच्या चार राष्ट्रीय भाषा त्याच्या समृद्धीच्या आड आल्या नाहीत. दोन उदाहरणांनी सिद्धान्त उभा राहत नाही, पण भाषांच्या नुसत्या संख्येला कारण ठरवण्याआधी थांबायला ती पुरेशी आहेत. माझ्या मते अधिक फलदायी प्रश्न राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड लेटिन आणि अर्थतज्ज्ञ राजेश रामचंद्रन यांनी २०१६ साली विचारला : शाळेची आणि कचेरीची भाषा लोकांच्या घरच्या भाषेपासून किती दूर आहे? हे अंतर वाढले की शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही आघाड्यांवर नुकसान होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषांची संख्या शासनाच्या हातात नसते, पण प्रशासनाची भाषा ठरवणे त्याच्या हातात असते.

प्रश्न : प्रबंधासाठी भाषारचनेची तयार माहिती वापरायची आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : जगातील भाषांच्या रचनेच्या नोंदींचे दोन मोठे संग्रह आहेत : ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ २००५ पासून आणि १९५ वैशिष्ट्यांची नोंद असलेला ‘ग्रॅमबँक’ २०२३ पासून उपलब्ध आहे. पहिल्यात कर्म आणि क्रियापद यांच्या क्रमाची माहिती दीड हजारांहून अधिक भाषांसाठी मिळते, परंतु अनेक वैशिष्ट्यांसाठी ती काही शे भाषांपुरतीच आहे. त्यामुळे दोन वैशिष्ट्ये जोडताच नमुना झपाट्याने लहान होतो, आणि उरलेल्या भाषा बहुधा चांगल्या अभ्यासल्या गेलेल्याच असतात. आपल्याला परिचित असलेल्या चार-पाच भाषांच्या नोंदी आधी मूळ व्याकरणग्रंथांशी ताडून पाहाव्यात आणि मगच आकडेमोडीला बसावे.