जुन्या ट्रकच्या मागच्या बॉडीत सोलरवर चालणारं फिरतं ऑफिस करायचं आहे, बाहेरची वीज अजिबात नको. किती वॅटचे पॅनेल लागतील, आणि ट्रकच्याच बॅटऱ्या वापरल्या तर चालतील का?

पॅनेलचं उत्तर थोडक्यात देतो. खरं तर बॅटऱ्यांचं वाचून लिहायला बसलोय.

आपलं काम दिवसाला किती युनिट खातं ते आधी मीटर लावून मोजा. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, पंखा, दिवे आणि छोटा फ्रीज मिळून माझं दीड युनिटाच्या आसपास जातं. छतावर आडवे टाकलेले १००० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ३ ते ४ युनिट देतात, दाट ढग आले की त्याच्या चौथ्या हिश्श्यावर येतात. हिशेब ढगाळ दिवसाचाच धरायचा. १००० वॅटला साधारण ५ चौरस मीटर जागा लागते, ती ट्रकच्या छतावर मिळते. पत्र्याला चिकटवायचे वाकणारे पॅनेल घेऊ नका. खालून हवा खेळत नाही, ते तापतात, तापले की वीज कमी देतात आणि लवकर मरतात.

आता बॅटऱ्या. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. माझे दाजी इंजिनाच्या कामात वस्ताद, डोळे मिटून गिअरबॉक्स उतरवतील. माझ्या ट्रकचं वायरिंगही त्यांनीच हातात घेतलं. मला पंखे आणि दिवे १२ व्होल्टचे हवे होते. दाजींनी काय केलं, तर दोनपैकी खालच्या एका बॅटरीवरून सरळ वायर ओढली. मी तेव्हाच म्हटलं, असं मधून १२ व्होल्ट घ्यायचे नसतात (अशा मधूनच काढलेल्या जोडणीला टेप म्हणतात). त्यावर उत्तर ठरलेलं : "सगळे ट्रकवाले असाच टेप घेतात. तू पुस्तकातलं सांगू नकोस."

एका गाडीच्या दोन बैलांपैकी एकालाच रात्री नांगराला जुंपायचं आणि सकाळी वैरण मात्र दोघांना सारखीच घालायची, असला हा प्रकार. सिरीजमध्ये चार्जिंगचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून तेवढाच जातो. वरची आधीच भरलेली, तिचं पाणी उकळून उडतं. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. व्हायचं तेच झालं, एका सकाळी ट्रक चालू होईना. दाजींचा निकाल : बॅटरी खराब निघाली. त्यांनी एकच नवी आणून जुनीच्या जोडीला बसवली, म्हणजे दोघींमधली तफावत पहिल्या दिवसापासूनच. टेप तसाच. पुढे तीही गेली, तेव्हा म्हणाले, हल्ली माल चांगला येत नाही.

मग मी त्यांना समोर उभं केलं, इंजिन चालू ठेवलं आणि मल्टिमीटर लावला. दोन्ही मिळून २८.४ व्होल्ट, अगदी बरोबर, एवढंच बघून दाजी म्हणाले, "बघ." मग एकेक मोजली. वरची १५.३, खालची १३.१. दाजी म्हणाले, मीटर स्वस्तातला आहे. दुसरा मीटर आणला, आकडे तेच. त्यानंतर त्यांना चहा आठवला.

तर, नाही, ट्रकच्या बॅटऱ्या चालणार नाहीत. टेप न घेता पूर्ण २४ व्होल्टवर काम केलंत तरी नाही. स्टार्टरची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायला बनवलेली असते, रोज निम्मी रिकामी करायला नाही. शिवाय ऑफिस चालवून ती संपली की ट्रक जागचा हलत नाही, मग फिरतं ऑफिस कसलं?

मागच्या बॉडीला वेगळी बॅटरी ठेवा, लिथियम आयर्न फॉस्फेटची, २४ व्होल्टवालीच. १२ व्होल्टवर २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास ओढतो, २४ वर त्याच्या निम्मे, आणि त्याच वायरीतली उष्णता चौथाई होते. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे अडीच युनिटांहून थोडं जास्त. १२ व्होल्ट लागतील तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, छोटा डबा असतो. इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरवरूनही चार्ज करायचं असेल तर मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. "मध्ये एक रिले (नुसता आपोआप जोडणारा स्विच) टाकला की झालं", असं सांगणारे भेटतील. माझ्या घरातच एक आहेत.

इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवू नका. मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता २०-२५ वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत अर्धा युनिट नुसता बसून. लॅपटॉप यूएसबी-सीवरून थेट डीसीवर चार्ज करा. एअर कंडिशनरचा विचार असेल तर माझा सगळा हिशेब फाडून टाका, तो एकटा माझ्या चार दिवसांची वीज दिवसात संपवेल.

राहिलेलं सांगतो. ही लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, थंड भागात फिरणार असाल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं तिच्यातलं सर्किट, तेवढं थांबवतो का ते बघून घ्या. पॅनेलला ऊन हवं आणि तुम्हाला सावली, हे भांडण मिटत नाही, म्हणून छताला आतून इन्सुलेशन आधी, फर्निचर नंतर. बॉडी बदलल्यावर नोंदणीचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते कापाकापीच्या आधी विचारा. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या टोकालाच, लिथियमला क्लास टीचा. शॉर्ट झाला तर इतका करंट येतो की साधा फ्यूज वितळूनही आतली ठिणगी तुटत नाही.

जाड वायरीच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा. पकडीने आणि हातोडीने ठोकलेला लग दिसायला घट्ट दिसतो, भार आला की तापतो. दाजी ठोकूनच देतात. माझ्या ट्रकमधले सगळे मी कापून पुन्हा केलेत, हे त्यांना अजून माहीत नाही.