ॲप की वेबसाइट? आधी ते दुधाचं पान बघा

प्रश्न : मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेबसाइट बनवण्याच्या नादी लागलाय. पुण्यात आयटीत असलेला माझा पुतण्या म्हणतो, वेबसाइटचा जमाना गेला, आता मोबाईल ॲपच. म्हणून अँड्रॉइड आणि आयफोन ॲपच्या क्लासला १५ हजार भरले. ७० हजार बाकी आहेत, ते पतसंस्थेतून काढतोय. क्लासवाले मॅकबुकही घ्या म्हणतात. मुलगा धड बोलत नाही. मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी वेबसाइटचं कसलंसं पान बनवलंय, त्यातच डोकं घालून बसतो. त्याला चार शब्द समजावून सांगा. (पत्र संक्षिप्त केलं आहे.)
– एक पालक, संगमनेर तालुका

उत्तर : दादा, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. पुतण्याचं म्हणणं त्यात जागोजागी आहे, क्लासवाल्यांचंही आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. तो बोलत नाही, असं तुम्ही लिहिता. पण फी भरायच्या आधी त्याला विचारलं होतं का, याबद्दल चार पानांत अवाक्षर नाही. वीस वर्षांच्या पोराच्या नावाखाली घरात कर्ज निघतंय आणि त्याला ते क्लासची पावती बघून कळतंय. मग तो काय बोलणार? मला त्याच्या गप्प बसण्यापेक्षा तुमच्या घाईची जास्त काळजी वाटते.

आता ‘जमाना गेला’चं बघू. २००७ साली आयफोन आला, तेव्हा ॲप स्टोअर नव्हतंच. बाहेरच्या लोकांनी वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारी ॲप बनवावीत, असं ॲपलच सांगत होती. पुढच्याच वर्षी ॲप स्टोअर उघडलं. फेसबुकने आपलं मोबाईल ॲप वेबच्या तंत्रावर उभं केलं, ते संथ चालायला लागलं, तेव्हा २०१२ मध्ये आयफोनसाठी नेटिव्ह, म्हणजे खास त्याच फोनच्या यंत्रणेसाठी असलेलं ॲप नव्याने लिहिलं. म्हणजे पुतण्याचं खरं? थांबा. २०१५ मध्ये ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने वेबसाइट बंद करून सगळा धंदा ॲपवर नेला आणि २०१६ मध्ये वेबसाइट पुन्हा सुरू केली. नेटिव्हवाल्यांनाही स्वस्थता नाही. ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट ही ॲप लिहायची नवी भाषा आणली, गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेला मान्यता दिली, आणि जुन्या भाषांत मुरलेली माणसं पुन्हा पाटी घेऊन बसली. जमाना बघून कोर्स निवडलात, तर दर चार वर्षांनी पतसंस्थेची पायरी चढावी लागेल.

काय कुठे लागतं, हे तुमच्याच घरात दिसतंय. गवळ्याला आजचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) आणि दहा दिवसांचं बिल बघायचं असेल, तर व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली की काम झालं. त्यासाठी तो ॲप कशाला उतरवून घेईल? आधीच त्याच्या फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. पण उद्या वजनकाटा आणि फॅटचं मशीन ब्लूटूथने जोडायचं ठरलं, पहाटे रेंज नसताना नोंदी घेऊन नंतर पाठवायच्या झाल्या, तर केंद्रावरच्या फोनसाठी नेटिव्ह ॲप भरवशाचं. ब्राउझरमध्येही यातलं थोडंफार जमतं, पण अडतं तिथे फार अडतं. म्हणजे एकाच केंद्रावर दोन्ही लागू शकतात. आणि तुमच्या मुलाने वेबसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा शिकली असेल, तर तीच रिॲक्ट नेटिव्ह नावाच्या ॲप बनवायच्या साधनात वापरून तो अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप करू शकतो. वाया काहीच गेलेलं नाही.

मॅकबुक आत्ता अजिबात घेऊ नका. आयफोनचं ॲप बनवायला मॅक लागतो हे खरं, वर ॲपलची वर्षाची फी ९९ डॉलर. पण तुमच्या केंद्रावर किती गवळ्यांकडे आयफोन आहे? अँड्रॉइड शिकायला बरा लॅपटॉप पुरतो, सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच, २५ डॉलरची. पुढे एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) करायचं असेल तर प्रवेशासाठी सीईटी आहेच, त्याचा विचार तिसऱ्या वर्षात करा.

उरलेले ७० हजार भरू नका. १५ हजार परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. ते वाचवायला कर्ज काढणं हा कुठला हिशोब? आणि उद्या पहाटे मुलाबरोबर मामाच्या केंद्रावर जा. ते पान खरंच कोण वापरतं, कुठे अडतं, फॅटचा आकडा चुकला तर गवळी कुणाला शिव्या घालतो, ते उभं राहून बघा. हे पान ‘कसलंसं’ नाही. पत्रातली तेवढी एकच गोष्ट त्याने स्वतःहून केलेली आहे आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतेय. मुलाखतीत क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याबद्दल तो जास्त वेळ बोलू शकेल.

तुम्ही मला त्याला समजवायला सांगितलंत, ते मी करणार नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या आणि तुम्ही ते वाचायला मागू नका. त्या पानाची लिंक मात्र सोबत पाठवायला सांगा.