पहिल्यांदाच घरचं फंक्शन करतेयस ना, मग हे वाच

अगं सजावट टेबलापासून सुरू कर. मधली फुलं 30 सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत, समोरचा माणूसच दिसत नाही मग गप्पा कशा रंगणार! देठ तिरके काप आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाक, नाहीतर पाणी कुजतं नि सकाळपर्यंत फुलं माना टाकतात. सुगंधी मेणबत्त्या जेवणाजवळ अजिबात नको हं. बुफे भिंतीला न लावता मधे ठेव म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं, प्लेट्स सुरुवातीला पण चमचे, नॅपकिन शेवटी. आणि जेवण 2 तासांच्या वर बाहेर नको, म्हणून छोट्या भांड्यांत काढ, संपलं की नवीन भांडं आण, जुन्यात ओतू नकोस.