माउंटन बाईक गाडीच्या आत न्यायची तर दोन्ही चाकं काढा

प्रश्न असा आहे की, पुण्याहून पाचगणीला स्विफ्टने जायचंय, बरोबर बायको आणि दोन दिवसांचं सामान. २९ इंची चाकांची माउंटन बाईक आत मावेल का, पुढचं एकच चाक काढून भागेल का, की कॅरियर घ्यावा? तुम्हाला मागचं चाक काढायची धास्ती वाटते, असंही लिहिलंय.

मावते. एका सायकलसाठी कॅरियर घेऊ नका. पट्ट्यांचा कॅरियर डिकीच्या पत्र्यावर आकडे रुतवून बसतो, आणि खाली मिसळ खायला थांबलात तरी अर्धं लक्ष बाहेर सायकलकडे. पण चाकं मात्र दोन्ही काढा. मी सहा वर्षं स्विफ्टमधूनच सायकल नेतोय आणि ज्या ज्या वेळी मागच्या चाकाचा कंटाळा केला, त्या त्या वेळी भोगलंय.

डिकी किती लिटरची हे विसरा, अडतं ते लांबी-रुंदीवर. टायर धरून चाक साधारण ७४ सेंटिमीटर, हँडल ७५ ते ७८. मागचं चाक तसंच ठेवलं तर सायकल तिरकी कोंबावी लागते आणि सगळा भार डिरेलरवर, म्हणजे चेन एका दातेरीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या भागावर येतो. एकदा मी तशीच घातली, गिअरची बाजू खाली, वरून बॅग. पोचल्यावर वरवर सगळं ठीक. पहिल्या चढाला सर्वात मोठ्या दातेरीवर गिअर टाकला आणि डिरेलर थेट आऱ्यांत गेला. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकला होता. तो मऊ अॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून आधी तोच वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, त्यामुळे वाटेतल्या दुकानात मिळेल ही आशा सोडा. एक जादा हँगर आत्ताच मागवून ठेवा.

मागचं चाक काढणं सोपं आहे. आधी चेन सर्वात लहान दातेरीवर आणा, मग अॅक्सल (चाकाचा आस) सोडवा, डिरेलर हाताने मागे ओढा, चाक आपोआप खाली येतं. सायकल शक्यतो उलटी करू नका. करावीच लागली तर चाक परत बसवून सुलटी केल्यावर ब्रेकची लिव्हर दहा-बारा वेळा दाबून बघा, ब्रेकच्या नळीत हवा शिरली असेल तर ती भुसभुशीत लागते. थ्रू अॅक्सल, म्हणजे फिरवून अख्खा बाहेर निघणारा आस असेल तर चाक निघाल्याबरोबर तो परत त्याच्या जागी फिरवून ठेवा. मी एकदा तो सोसायटीच्या पार्किंगच्या कट्ट्यावर ठेवून वाईपर्यंत गेलो होतो.

आता खरी गोम. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर लिव्हरला हात लावायचा नाही, आणि कशाचाही दाब येऊ द्यायचा नाही. ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये पिवळा किंवा लाल प्लास्टिकचा तुकडा घालतात. नव्या सायकलबरोबर येतो आणि दुकानवाले फेकून देतात, मागितला तर फुकट मिळतो. नसेल तर पुठ्ठ्याची जाड घडी चालते. मी काहीच घातलं नव्हतं तेव्हा खंबाटकीच्या वळणांवर बॅग सरकली आणि लिव्हरवर बसली. पाचगणीत बघतो तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले, चाकावरची ब्रेकची तबकडी, म्हणजे रोटर, आत जाईना. शेवटी हॉटेलातल्या चमच्याचा दांडा फडक्यात गुंडाळून पॅड हळूहळू बाजूला सारले. अर्धा तास गेला. बायको शेजारी चहा पीत होती, तिने काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

ठेवायची रीत: मागची सीट पाडली तरी डिकीत खड्डा राहतो. तो मऊ बॅगांनी भरून सपाट करा, वर जुनी गोधडी. फ्रेम आडवी, गिअरची बाजू वर. माझ्याकडे मागचा भाग आधी आत जातो आणि हँडल शेवटी दाराशी येतं. हँडल फोर्कसकट वळवलं की बसतं. चाकं फ्रेमवर, रोटर वरच्या बाजूला, मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा. चेनचं तेल रोटरला लागलं तर पॅड बाद होतात आणि ब्रेक किंचाळतो. पेडल सहसा काढावी लागत नाहीत. काढलीत तर डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी आठवा.

(सीएनजीची टाकी डिकीत असेल तर हे सगळं विसरून आधी टेप घेऊन मोजा.)

आणि बांधा. हायवेवर जोरात ब्रेक लागला तर चौदा-पंधरा किलोची फ्रेम थेट तुमच्या मानेवर येईल. टायरची जुनी ट्यूब कापून तिने फ्रेम मागच्या सीटबेल्टच्या बकलांना आवळा. ट्यूब सरकत नाही आणि रंगही खरवडत नाही.

परतताना सायकल लाल मातीने माखलेली असणार, तेव्हा एक ताडपत्री बरोबर राहू द्या. जोडल्यावर चढायच्या आधी दोन्ही अॅक्सल आवळलेत ना बघा, चाकं फिरवा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला.

निघायच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये एकदा तालीम करा, बायकोची बॅग प्रत्यक्ष भरून. आणि डिकी धाडकन आपटू नका, हाताने सावकाश खाली आणा. हँडलचं टोक मागच्या काचेला कुठे भिडतं ते तेव्हाच कळेल.