‘उत्सुशी’ला नक्कल म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : जपानी चित्रकार आणि कुंभार जुनी कलाकृती समोर ठेवून पुन्हा तशीच घडवतात, तिला ‘उत्सुशी’ म्हणतात. मराठी लेखात तिला ‘नक्कल’ म्हटलं तर कमीपणा येईल का? ‘प्रतिकृती’ बरं का?

‘नक्कल’च लिहा. नक्कल म्हणजे बनावट, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. बनावट मालाला ‘नकली’ हा वेगळा शब्द आहे. सातबाऱ्याची नक्कल मागणारा शेतकरी खोटा कागद मागतो का? परीक्षेतली आणि गॅदरिंगमधली नक्कल सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देतो.

मूळ अरबी ‘नक़्ल’. अक्लची अक्कल झाली, शक्लची शक्कल, अस्लचं अस्सल, तशी नक़्लची नक्कल. आणि अरबीत नक़्ल म्हणजे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं! तिथे वाहतुकीला आजही हाच शब्द आहे. उर्दूत बिऱ्हाड हलवणं म्हणजे ‘नक़्ल-ए-मकानी’. मजकूर या कागदावरून त्या कागदावर नेला, की झाली नक्कल.

आता जपानी पाहा. ‘उत्सुशी’ आलं ‘उत्सुसु’ या क्रियापदावरून. उतरवून घेणं म्हणजे उत्सुसु, हलवणं म्हणजेही उत्सुसु. पाण्यात प्रतिबिंब पाडणं तेच, आपली सर्दी दुसऱ्याला देणं तेच. लिहिताना चिन्हं निरनिराळी, उच्चार एक. अरबी-जपानीचं काहीही नातं नसताना दोघींनी ‘नेणं’ आणि ‘उतरवणं’ एकाच शब्दात बांधलं, याचा मला विलक्षण आनंद होतो. जपानातल्या इसे या गावच्या देवस्थानात दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब नवं मंदिर बांधून देवतेला तिकडे नेतात. पहिल्यांदा 690 साली, 62व्यांदा 2013 साली. मध्ये यादवीच्या काळात मोठा खंड पडला होता. सोहळ्याचं नाव ‘सेंगू’, आणि त्यातलं ‘सेन’ हे चिनी उच्चाराचं चिन्ह अस्सल जपानीत वाचलं, की पुन्हा ‘उत्सुसु’! मंदिराबरोबर तलवारी, वस्त्रं, लाखकामाच्या वस्तूही नव्याने घडतात. सुताराचा आणि विणकराचा हात असा पुढच्या पिढीत नेला जातो. माझ्या मते खरी नक्कल होते ती या हाताची.

‘प्रतिकृती’चा आग्रह धरणारे जाणकार इथेच चुकतात. त्या शब्दात फक्त घडून तयार झालेली वस्तू दिसते, नेणारा माणूस दिसत नाही. आणि माणूस नेतो तेव्हा काहीतरी हलतंच. सतराव्या शतकात चित्रकार सोतात्सूने घडीच्या सोनेरी पडद्यांवर वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव रंगवले. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला कोरिनने जवळजवळ रेषेवर रेष ठेवून ते उतरवले, पण बुबुळं सरकवली आणि दोन देवांची नजरानजर झाली. मग होइत्सू आला. त्यानेही हे देव उतरवले. शिवाय 1821च्या सुमाराला कोरिनच्या त्याच पडद्यांच्या पाठीवर, रुपेरी वर्खावर, त्याने स्वतःचं चित्र काढलं. गर्जनेच्या देवामागे पावसाने झोडपलेलं उन्हाळी गवत, वायुदेवामागे वाऱ्याने वाकलेलं शरदातलं गवत. देव एकही नाही, पण पाऊस आणि वारा त्यांचाच.

तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘उत्सुशी, म्हणजे नक्कल’ असं लिहा, पुढे नुसतं उत्सुशी चालेल.